तिला सूप धरता येत होतं

५ जून २०२३, सोमवार

काल अभिनेत्री सुलोचनाबाई गेल्या. वय ९४. सकाळी पेपर आल्यावर आईंना फोटो दाखवला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, चेहरे मात्र दिसतात. पेपर थोडा लांब धरून म्हणाल्या, "हे तं वहिनी होय."

आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, वय घरात कोणालाच नक्की माहीत नाही. त्यांचं लग्न झालं तेव्हा गांधीबाबा जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, एवढाच हिशेब. आणि वहिनी म्हणजे 'वहिनीच्या बांगड्या' या सिनेमातली, तो १९५३ चा. तेव्हा आमचं गाव अड्याळ महाराष्ट्रात नव्हतं, मुंबई राज्यातही नव्हतं. भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो, पण सिनेमावाल्यांनी तो बदल कधी मनावर घेतला नाही. वितरकांच्या वहीत विदर्भ अजूनही 'सी. पी. बेरार'च आहे. अमरावती-भुसावळच्या वितरकांकडून पेट्या सुटायच्या, त्यात बहुतेक हिंदी. पुण्या-कोल्हापूरचा सिनेमा आमच्यापर्यंत यायचा तो उशिरा, रेघोट्या पडलेला, मधूनच तुटणारा. आईंनी वहिनी पाहिली ती सिनेमा चांगला जुना झाल्यावर, यात्रेतल्या तंबूत, ह्यांना मांडीवर घेऊन. खासर जुंपून अख्खी आळी निघाली होती म्हणे.

मी विचारलं, "एवढं काय आवडलं होतं तुम्हाला तिच्यातलं?" मला वाटलं, माया म्हणतील, सोसणं म्हणतील.

"तिले सूप धरता येत होता," आई म्हणाल्या आणि दातवणाला उठल्या.

६ जून, मंगळवार

सूप कोणत्या सिनेमात, ते त्यांना आठवत नाही. "होता कोनत्यातरी." पण मुद्दा त्यांनी सोडला नाही. हिंदी सिनेमातल्या बायका बहारी, म्हणजे झाडू, अशी धरतात की कचरा पुढे न जाता पायाशीच येतो. चूल फुंकताना एकीच्याही डोळ्यांत धूर जात नाही. डोक्यावरचा हंडा रिकामा आहे हे मानेवरून कळतं. सुलोचना मात्र घरातली. मी मराठी शाळेत अख्खी नोकरी केली, पण अभिनयाची ही कसोटी मला कोणी सांगितली नव्हती.

सुलोचनाबाई जन्मल्या खडकलाट गावी, बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यात. कोल्हापूरला दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या हाताखाली तयार झाल्या, नावही भालजींनीच दिलं. खेड्यातून आलेली मुलगी. तिला सूप धरायला कोणा दिग्दर्शकाने शिकवलं नसणार.

त्या गेल्या ४ जूनला, आणि ४ जून १९३६ हा नूतनचा जन्मदिवस. 'सुजाता'मध्ये सुलोचनाबाई नूतनची पाळणारी आई. सिनेमा १९५९ चा, सुलोचनाबाई १९२८ च्या. म्हणजे आई एकतीस वर्षांची आणि लेक तेवीसची. आठ वर्षांनी मोठी बाई आई व्हायची आणि पुढची तीस वर्षं आईच राहायची. देव आनंदची आई, सुनील दत्तची आई, राजेश खन्नाची आई. पैकी देव आनंद त्यांच्याहून वयाने मोठे. आपण त्याला वात्सल्य म्हणत आलो. बाईच्या बाजूने पाहिलं तर तिची तरुणपणाची कामं फार लवकर काढून घेतली, असंही म्हणता येईल.

९ जून, शुक्रवार

निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर आज सकाळपासून एकच संदेश फिरतोय. एका बाजूला सुलोचनाबाई डोक्यावर पदर घेतलेल्या, दुसऱ्या बाजूला आजची एक नटी, कपडे आजचे. खाली 'कुठे ते दिवस'. पंधरा-वीस जणांनी हात जोडले. हात जोडणारे सगळे पुरुष.

मी लिहिलं की गुरुजी, ह्या बायका पडद्यावर घर सांभाळत होत्या आणि पडद्याबाहेर घर चालवत होत्या. उत्तर आलं नाही. पण मला आता लिहायचंच आहे, तिथे नाही तर इथे.

दुर्गा खोटे घ्या. १९३२ ची 'अयोध्येचा राजा', मराठीतला पहिला बोलपट, त्यात त्या तारामती. पतिव्रतांची पतिव्रता. ही बाई सिनेमात का आली? सासरची श्रीमंती बुडाली आणि पदरात दोन मुलगे, म्हणून. चांगल्या घरच्या बाईने तोंडाला रंग लावला म्हणून त्या काळी लोकांनी नावं ठेवली. 'मी, दुर्गा खोटे' ज्यांनी वाचलं त्यांना हे ठाऊक आहे.

हंसा वाडकर. 'संत सखू' १९४१ ची, प्रभातची. सासुरवासाने गांजलेली, विठ्ठलाच्या ओढीने निघालेली सखू. सखू करणारी बाई लहान वयातच घराला पैसा हवा म्हणून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली होती. १९७० साली 'सांगत्ये ऐका' हे तिचं आत्मचरित्र आलं, आणि पुढच्याच वर्षी ती गेली. त्या पुस्तकात तिने स्वतःची गय केली नाही, घरच्यांचीही नाही. त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली 'भूमिका' केला, स्मिता पाटीलला घेऊन. आमच्या गटातले किती जण सखूला हात जोडतील आणि ते पुस्तक सुनेच्या हातात दिसलं तर दडवतील, ते मी पैज लावून सांगू शकते.

आणि शांता आपटे! 'कुंकू'तली नीरा. म्हाताऱ्याशी लावलेलं लग्न ती मानत नाही. १९३७ साली! ही नायिका घरगुती म्हणायची की बंडखोर? दोन वर्षांनी खुद्द प्रभातच्या फाटकात ती उपोषणाला बसली, कंपनीशी वाद झाला म्हणून. पुढे पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?' या नावाचं. सिनेमात जाऊ पाहणाऱ्या मुलींना आत काय आहे ते सांगणारं. आजच्या नट्यांना संघटना आहेत, वकील आहेत. तिच्याकडे एक फाटक होतं.

हे सगळं मी ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "खरं सांगू? भंडाऱ्याला टॉकीजमध्ये आम्ही पोरं गेलो ती दादा कोंडके आणि उषा चव्हाणसाठी. सुलोचनाबाईंना आईसोबत गेलो तरच." निदान एकाने तरी कबूल केलं.

११ जून, रविवार

साने गुरुजींचा स्मृतिदिन. शाळेत असताना त्यानिमित्त मी मुलांना 'श्यामची आई'तलं वाचून दाखवायची, म्हणजे शाळा सुरू झाल्यावर, कारण विदर्भात ११ जूनला शाळा कधी उघडलेली नसते. उन्हाने पोरं बाहेर पडत नाहीत.

अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ चा. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक याच सिनेमाला. आई झाल्या होत्या वनमाला, ग्वाल्हेरच्या, शिकलेल्या. बारा वर्षं आधी सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मध्ये त्याच रुखसाना होत्या, पृथ्वीराज कपूरसमोर, दागिन्यांनी मढलेल्या. रुखसानाची श्यामची आई झाली, आणि लोकांनी रुखसानाला पार पुसून टाकलं. मीही शाळेत कधी तिचं नाव काढलं नाही. गरजच पडली नाही.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

सीमा देव काल गेल्या. पेपरभर चंद्रयान आहे, परवा उतरलं म्हणून, आणि ते बरोबरच. सीमाताईंची बातमी खालच्या अंगाला. शेवटची काही वर्षं त्यांना स्मृतिभ्रंश झाला होता. रमेश देव गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेले.

रोवणी आटोपली, निंदणाला बाया मिळत नाहीत. आज शेतावरून आलेल्या बायांना मी चहा देताना सांगितलं, 'आनंद'मधली डॉक्टरची बायको गेली. दोघींना कळलं, एकीने विचारलं, "राजेश खन्नाची?" मी म्हटलं, राजेश खन्नाचं लग्नच होत नाही त्यात. मग सगळा 'आनंद' सांगावा लागला, चहा गार.

मला त्या आवडतात 'मोलकरीण'मुळे. १९६३ चा. आईबाप विकून-सवरून मुलाला शिकवतात, मुलगा शहरात मोठा होतो आणि आईला त्याच्याच घरात मोलकरीण म्हणून राहावं लागतं. आई सुलोचना, मुलगा रमेश देव, सून सीमा. त्याच वर्षी रमेश आणि सीमा यांचं खरं लग्न झालं. हा सिनेमा आम्ही सह्याद्री वाहिनीवर पाहिला, मी आणि आई एका बाजेवर. माझे डोळे गळत होते. आईंच्या डोळ्यांत टिपूस नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "पोराले इतका सिकवाचा नाही."

दोघीही एकाच वर्षी गेल्या, सासू जूनमध्ये, सून ऑगस्टमध्ये.

१५ नोव्हेंबर, बुधवार, भाऊबीज

वन्सं आल्या. धान कापणीला आलंय, अर्ध्या बांध्यांत कडपा पडल्या आहेत, तरी ओवाळणीपुरता वेळ प्रत्येकीने काढलाच. साडी दिली तेव्हा वन्सं हसून म्हणाल्या, "माहेरची साडी!" आणि विषय निघाला.

१९९१ चा तो सिनेमा. विजय कोंडके दिग्दर्शक, अलका कुबल नायिका. मूळ गोष्ट राजस्थानी सिनेमातली, 'बाई चली सासरिये'. आमच्याकडे तो पोचला तेव्हा मी नोकरीत नवी होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तणीस अंथरून आम्ही भंडाऱ्याला गेलो. ट्रॉलीत सगळ्या बायका, ड्रायव्हर तेवढा बाप्या. टॉकीजबाहेर इतर गावांच्या ट्रॉल्या रांगेने उभ्या, बैलबाजारासारख्या. आत रडण्याचा आवाज इतका की संवाद ऐकू येईनात.

मला तो सिनेमा तेव्हाही पटला नव्हता. इतकं सोसणारी सून पाहून घराघरांतल्या सासवांना बळ मिळेल असं मी स्टाफरूममध्ये ठणकावून सांगितलं होतं. वन्सं आज म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही शिकलेल्या. आम्ही तिच्यासाठी कुठे रडत होतो?" त्यांच्या सासरी त्या काळी रडायला जागा नव्हती. घर एक खोलीचं, माणसं अकरा. विहिरीवर रडलं तर गावभर होतं. टॉकीजमध्ये अंधार असतो आणि शेजारचीही रडत असते, मग कोणी कोणाला विचारत नाही. तीन तास तिकिटात. हे बोलताना त्या साडीची घडी मोडून काठ पाहत होत्या.

त्या सिनेमात नायिकेचा भाऊ झाला होता अजिंक्य देव, म्हणजे सीमा देवांचा मुलगा. हे मी सांगितलं तर वन्संना फार आनंद झाला, जणू नात्यातलंच कोणी निघालं.

आई आतून ओरडल्या, "ते अलका रडते बहुत, काम कमी करते!"

१९ नोव्हेंबर, रविवार

वर्ल्ड कपची फायनल. दुपारपासून पुढच्या खोलीत टीव्हीसमोर घरातले आणि शेजारचे बाप्ये. आम्हाला तिथे पाय ठेवायला जागा नाही. सुनेने मागच्या खोलीत मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून 'साधी माणसं' लावला. मी, आई, सून आणि शेजारच्या काकू. पुढून आरडाओरडा, मागून भालजी.

भालजींचा १९६५ चा सिनेमा. लोहार नवरा-बायको, सूर्यकांत आणि जयश्री गडकर. संगीत 'आनंदघन', म्हणजे लता मंगेशकरच, टोपणनावाने. जयश्री भात्यावर बसून गाते ते गाणं आलं तेव्हा आई पुढे सरकल्या. त्यांच्या माहेरी घराशेजारी लोहाराचा साळ होता, भाता त्यांनी लहानपणी हौसेने ओढलेला. पडदा चार बोटांचा, तरी त्यांनी निकाल दिला, "बरोबर ओढते. अंग लावून." सुनेने मागे नेऊन तेच परत दाखवलं. परत पास.

जयश्रीबाईंचं मला नेहमी नवल वाटतं. 'सांगत्ये ऐका' हा १९५९ चा तमाशापट, पुण्याला विजयानंद टॉकीजमध्ये अडीच वर्षं चालला, तो त्यांच्या पायांवर. मग 'मानिनी'तली मानी सून, मग ही लोहारीण, आणि १९८७ ला टीव्हीवर रामायण आलं तेव्हा कौसल्या. दशरथ होते बाळ धुरी, त्यांचे खरे यजमान. अड्याळमध्ये तेव्हा टीव्ही मोजक्या घरांत. अंघोळ करून, चपला बाहेर काढून लोक बसायचे, आणि कौसल्या दिसली की म्हाताऱ्या एकमेकींना कोपर मारायच्या, हे तं आपली जयश्री. घुंगरू बांधलेली बाई रामाची आई कशी, हा प्रश्न त्या अंगणात कोणाला पडलेला मी पाहिला नाही. व्हॉट्सॲपवाल्या गुरुजींपेक्षा त्या म्हाताऱ्या मोठ्या मनाच्या.

आमच्या पिढीची मात्र रंजना. 'अरे संसार संसार'मध्ये शेतात राबणारी, 'गोंधळात गोंधळ'मध्ये हसवणारी. १९८७ च्या अपघाताने तिचे पाय गेले. तरी पुढे चाकाच्या खुर्चीत बसून नाटकात काम केलं, 'फक्त एकदाच'. २००० साली गेली, पन्नाशीही गाठली नाही. तिच्याबद्दल 'कुठे ते दिवस' असा संदेश अजून आलेला नाही.

रात्री साडेनऊला पुढच्या खोलीत एकदम सामसूम झाली. हरलो. बाप्ये न जेवता निजले. आम्ही जेवलो.

२३ नोव्हेंबर, गुरुवार, कार्तिकी एकादशी

दिवसभर आईंचा उपास, उकडलेले शिंगाडे आणि दूध. संध्याकाळी म्हणाल्या, मंडईले जावाचा आहे. शेजारच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, रात्री नाटक. झाडीपट्टीचं नाटक म्हणजे दहाला सुरू होणार म्हणतात, बाराला पडदा उघडतो, पहाटे संपतं. मी नको नको म्हटलं. ऐकतात कुठल्या! शाल, कानपट्टी, पाण्याची बाटली, मुलाची गाडी.

मंडळी वडसा-देसाईगंजची. दिवाळीपासून होळीपर्यंत यांचा हंगाम, रोज नवं गाव. यंदा इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यापासून शहरातले लोकही झाडीपट्टी म्हणू लागलेत. नट आपल्या भागातले, नट्या बऱ्याचशा नागपूरहून येतात. आईंच्या लहानपणी मंडईत दंडार हे लोकनाट्यच असायचं आणि दंडारीत बाई म्हणजे लुगडं नेसलेला गडी. "त्याले सूप बराबर धरता ये," आई वाटेत सांगत होत्या, "घरी मायले पाहे ना तो."

नाटकाचं नाव नेहमीसारखंच, बहीण-भाऊ-कुंकू यातलं काहीतरी. नायिका विधवा वहिनी. दिराला शिकवते, जाऊ छळते, दारूडा सावकार मागे लागतो. शहरात याला हसतील. इथे दोन हजार माणूस थंडीत चिडीचूप होता. मध्ये विनोदी पात्र, मध्ये लावणी, माईकवरून बक्षिसांची नावं, आणि परत वहिनी रडायला तयार. एकाच नटीने वहिनी केली आणि तिसऱ्या अंकात लावणीही तीच नाचली. कोणालाही खटकलं नाही. सुलोचना आणि जयश्री, एकाच रात्रीत, एकाच पगारात.

वहिनीने स्टेजवर तांदूळ पाखडले. खरे तांदूळ, खरं सूप. मी आईंकडे पाहिलं. त्या मान तिरपी करून बघत होत्या.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

पहाटे नाटक सुटल्यावर आई गाडीकडे न जाता सरळ रंगपटाकडे. तट्ट्याआड नट्या तोंडाचा रंग पुसत होत्या. वहिनी झालेली मुलगी तिशीतली असेल, स्वेटर घालून चहा पीत होती. आईंना पाहून उठली, पाया पडली.

"पोरी, सूप उलटा धरलीस तू," आई म्हणाल्या. "उघडा अंग पुढे पाह्यजे."

ती हसली. "आजी, मी इमामवाड्यातली. आमच्या घरी तांदूळ पॅकेटमधून येतो."

मग तिथेच एक सूप शोधून शिकवणी झाली. आईंनी दोनदा पाखडून दाखवलं, तिने चार-पाचदा. उद्या दुसऱ्या गावी हेच नाटक आहे म्हणाली, तिथे बरोबर धरेन. तिची लहान मुलगी नागपूरला आजीकडे असते, हंगाम संपेपर्यंत.

निघताना आईंनी विचारलं, "एका रातीचे किती भेटते तुले?"

मी त्यांचा पदर ओढला. असं विचारतात का? पण मुलीला काही वाटलं नाही. तिने वाकून आईंच्या कानात आकडा सांगितला. आई काही बोलल्या नाहीत.

घरी येईपर्यंत गप्प. ओसरीवर बसून पाय चोळताना एकदम म्हणाल्या, "आपला हार्वेस्टरवाला दोन घंट्याचे याच्यावर घेते. अन त्याले रडाचाबी नाही, नाचाचाबी नाही." मग मुलाला हाक मारून सांगितलं की आपल्या गावच्या मंडईला हीच मंडळी बोलवायची आणि पैशाचं ती मुलगी काय म्हणते ते आधी ऐकायचं, मॅनेजरचं नाही. तो म्हणाला, मंडई कमिटीत मी नाही. आई म्हणाल्या, मग होय.

आज तुळशीचं लग्न. ऊस आणायचा राहिलाय.